पान सहावरची माझी दुरुस्ती

एथन आणि रिया, गेल्या महिन्यात तुम्ही डॅडींबरोबर बेसबॉलची मॅच बघायला गेलात आणि तिथल्या स्टेडियमच्या माहितीपुस्तिकेच्या पानांचे फोटो मला पाठवलेत. पार्किंग कुठे, गेट किती वाजता उघडतं, किती मोठी बॅग चालते. खाली रियाचा प्रश्न होता, "आजी, समबडी ॲक्च्युअली राइट्स धिस?"

हो, लिहितं. अबू धाबीतल्या एका क्रिकेट स्टेडियमची अशी पुस्तिका एकोणीस वर्षं मी लिहीत होते. आमच्या वसईकर मंडळींनी नाताळ अंकासाठी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, तेव्हा ठरवलं की रियाला उत्तर तिथेच द्यावं. मराठी तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून डॅडी वाचून दाखवतील. त्यांनी मधले परिच्छेद गाळू नयेत. लहानपणापासूनची सवय आहे त्यांना.

माझ्या खात्याचं नाव गेस्ट सर्व्हिसेस. सोप्या भाषेत सांगायचं तर मैदानावरचे बावीस खेळाडू आणि दोन अंपायर सोडून जी माणसं स्टेडियममध्ये येतात, ती सगळी आमची. त्यांना गाडी लावायला जागा हवी, बसायला सावली हवी, प्रार्थनेची खोली हवी, हरवलेलं मूल सापडायला हवं आणि सामना संपल्यावर ती सगळी सुखरूप घरी जायला हवीत. हे कसं घडायचं ते लिहून ठेवलेलं पुस्तक म्हणजे माझं गाईड. बत्तीस पानं, खिशात मावेल एवढं.

हे घरी बसून लिहिता येत नाही. सावलीचंच घ्या. इथे कुठल्या स्टँडमध्ये किती वाजेपर्यंत ऊन असतं, हा प्रश्न कुठला संघ खेळतोय यापेक्षा महत्त्वाचा. पहिल्याच वर्षी मी छत्री आणि वही घेऊन तीन दिवस दर तासाला एकेका स्टँडमध्ये बसून आले. उठल्यावर चटका बसला की त्या चौकोनात लाल खूण, नाही बसला तर हिरवी. तुमचे आजोबा म्हणाले, "एवढं शिकून शेवटी खुर्च्या तापल्यात का ते बघायचं काम मिळालं." तो नकाशा मात्र अजून छापतात. त्यावर माझं नाव नाही, पण माझंच काम आहे.

माणसंही नाना तऱ्हेची यायची. अल रीम आयलंडवर राहणारा एक तरुण दर सीझनला मला फोन करायचा. "मॅडम, टीव्हीवर दिसणार नाही अशी सीट द्या. ऑफिसला सिक लीव्ह सांगितलीय." सुरुवातीला मी त्याला रागावले. मग असे फोन इतके वाढले की कॅमेऱ्याच्या टप्प्यात न येणाऱ्या तीन रांगा मी शोधूनच ठेवल्या. गाईडमध्ये अर्थातच लिहिल्या नाहीत. एका संध्याकाळी त्याच्या आवडत्या फलंदाजानं सिक्सर मारला, तेव्हा हा पठ्ठ्या रांग सोडून थेट कठड्यापाशी जाऊन नाचला आणि मोठ्या पडद्यावर झळकला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "मॅडम, सीट चांगली होती. चूक माझी."

एक बाई प्रेशर कुकर घेऊन आल्या होत्या. बाहेरचं खाणं चालत नाही, हे माझ्या गाईडमध्ये पान तीनवर ठळक अक्षरांत होतं. बाई म्हणाल्या, "हे खाणं नाही, खिचडी आहे. बाळाची." गेटवरच्या सिक्युरिटीचे प्रमुख खानसाहेब पाकिस्तानातले, सहा फूट उंच, मोठ्या मिशांचे. त्यांनी कुकरचं झाकण उघडवून आत पाहिलं आणि मला वायरलेसवर विचारलं, "मैडम, घी भी डाला है. क्या करूँ?" बाळाचं खाणं चालतं, असा नियम मी त्याच दिवशी घातला.

सांगायचा मुद्दा असा की गाईड कोणी वाचत नाही. लोक ते वारा घ्यायला वापरतात, खुर्चीवर पसरून त्यावर बसतात, शेंगदाण्याच्या सालांसाठी त्याची पुडी करतात. ज्या मजुरांना आणि ड्रायव्हर मंडळींना त्याची खरी गरज होती, त्यांच्यासाठी हिंदी, उर्दू आणि मल्याळममध्ये ते काढायला मी फार वर्षं लावली. इंग्रजी आणि अरबी झालं की काम झालं, असं मला वाटायचं. चुकलंच माझं. पण ज्यांना इंग्रजी येत होतं तेही वाचत नव्हते, हेही तितकंच खरं.

मी रिटायर व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात आमच्या मैदानावर बेसबॉल आला. अमेरिकेतले दोन संघ दोन दिवसांसाठी येणार, मध्ये माती टाकून त्यांचा चौकोन आखणार आणि सोमवारी आम्हाला आमचं मैदान परत देणार, असं ठरलं. त्यांच्या बाजूनं ब्रायन नावाचा एक उंच, सदा घाईत असलेला गृहस्थ आला. त्यानं त्यांच्याकडच्या गाईडची पानं मला पाठवली आणि म्हणाला, "इथल्या लोकांना समजेल असं करून छापा."

मी जन्मात बेसबॉल पाहिला नव्हता. पण इंग्रजी मला नन्सनी शिकवलंय आणि कोणाचाही मजकूर तपासल्याशिवाय पुढे जाऊ देणं माझ्या स्वभावात नाही. ब्रायनच्या पानांत स्पेलिंगं अमेरिकन होती, ती मी सुधारली. दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले. पान सहावर, चौथ्या मुद्द्यात, लिहिलं होतं की प्रेक्षकांत आलेला चेंडू प्रेक्षकानं स्वतःकडे ठेवावा.

मी ते दोनदा वाचलं. आपल्याकडे सिक्सर स्टँडमध्ये गेला की चेंडू हातोहात खाली येतो आणि तो आल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. लहान मूलसुद्धा चेंडू ठेवून घेत नाही. चेंडू ठेवून घ्या असं छापलं तर सामना चालणार कसा? टायपिस्टनं 'ठेवावा' आणि 'ठेवू नये' यांत काही घोळ केला असणार, अशी माझी खात्री झाली. मी ते वाक्य खोडलं आणि स्वच्छ लिहिलं की चेंडू आपल्याकडे आल्यास तो ताबडतोब मैदानात परत करावा. ब्रायनला विचारलं नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी त्याला काय त्रास द्यायचा.

शनिवारी दुपारी दोनला सामना सुरू झाला. स्टेडियम अर्ध्याहून जास्त भरलं होतं, आणि त्यातले तीन चतुर्थांश लोक माझ्यासारखेच, कुतूहलानं आलेले. दहाएक मिनिटांत एका फलंदाजाच्या बॅटला निसटता लागून चेंडू उंच उडाला आणि पूर्वेच्या स्टँडमध्ये आला. मी माझ्या काउंटरवरून बघत होते. निळा शर्ट घातलेला एक माणूस उठला, एक पाऊल मागे सरला आणि दोन्ही हातांत त्यानं तो अलगद झेलला. ग्लोव्ह नाही, धडपड नाही. टाळ्या सुरू व्हायच्या आत त्यानं हात मागे नेला आणि चेंडू सरळ मैदानात फेकला, तो टप्पा न पडता मधल्या खेळाडूच्या हातात गेला. खेळाडू हसत सुटला. लोक ओरडत होते, पण ते कौतुक होतं की दुसरंच काही, ते मला कळलं नाही.

मला मात्र भरून आलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं गाईड वाचलं होतं.

त्यानंतर तीन चेंडू आले आणि तिन्ही लोकांनी ठेवून घेतले. मी चिडले. वायरलेसवर खानसाहेबांना सांगितलं, "पेज सिक्स, पॉइंट फोर. बॉल वापस लीजिए." खानसाहेबांची माणसं एका मल्याळी काकांच्या पिशवीतून चेंडू काढून घेत असताना ब्रायन धावत माझ्याकडे आला.

"हे काय चाललंय? चेंडू का परत मागताय?"

मी गाईड उघडून पान सहा त्याच्यासमोर धरलं. त्यानं वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मॅम, मी पाठवलं त्यात 'ठेवावा' होतं."

"ती चूक मी दुरुस्त केली."

ब्रायननं टोपी काढून पुन्हा घातली. मग समजावून सांगितलं की त्यांच्या खेळात चेंडूवर जरा डाग पडला की तो बाद, नवा घेतात. स्टँडमध्ये आलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. लोक आयुष्यभर वाट बघतात त्याची. वडिलांनी झेललेले चेंडू मुलं कपाटात काचेमागे ठेवतात.

एथन, तुला हे सगळं माहीत असणार. मला नव्हतं. मी निवेदकाच्या खोलीत गेले आणि दोन ओळी लिहून दिल्या. पान सहावर गेस्ट सर्व्हिसेसच्या चुकीमुळे उलटी सूचना छापली गेली आहे, झेललेला चेंडू तुमचाच आहे. निवेदकानं ते वाचलं तसं सगळं स्टेडियम उठून ओरडलं. माझ्या कोणत्याच वाक्याला लोकांनी इतकी दाद दिली नव्हती. खानसाहेबांनी त्या मल्याळी काकांना चेंडू परत दिला आणि वर पाण्याची बाटली दिली.

मी काउंटरवर परत आले तर निळ्या शर्टवाला माणूस समोर उभा. हातात गाईड, मध्ये बोट घालून ठेवलेलं. शेजारी नऊ-दहा वर्षांची मुलगी, डोळे पुसून लाल झालेले.

"मॅम, माय डॅड कॉट द फर्स्ट वन," ती म्हणाली. "आय टोल्ड हिम वी कीप इट. ऑल द वे फ्रॉम फुजैरा आय टोल्ड हिम. ही सेड, लेट्स सी व्हॉट द बुक सेज."

"जोआना, हळू बोल. मॅडम बिझी आहेत," तो माणूस मराठीत म्हणाला. त्या मराठीतला वसईकडचा हेल ऐकून मी चमकले.

"तुम्ही वसईचे?"

"हो. डॉमनिक. गासचा. आंटी, तुम्ही पण आपल्यातल्या? कुठल्या?"

"निर्मळची. आधी चेंडूचं बोलू."

त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं. तो फुजैराच्या बंदरात, जहाजांना तेल भरायच्या कामावर. जोआना इथेच जन्मलेली, तिच्या शाळेत बेसबॉल खेळतात, त्यात ती पहिल्या नंबरची. बुधवारी ती आणि तिची आई कायमच्या वसईला चालल्या होत्या. डॉमनिक मागे राहणार, कंपनीच्या खोलीत, अजून निदान तीन वर्षं. जायच्या आधी एक दिवस दोघांनी मिळून घालवायचा म्हणून तो तिला घेऊन आला होता. पूर्वी डॉमनिक गावच्या क्रिकेट संघातून स्लिपमध्ये उभा राहायचा. चेंडू हातात आला की परत करायचा, हे हातांना शिकवायला लागत नाही. त्यात सामना सुरू व्हायच्या आधी त्यानं माझं गाईड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं.

"सावलीचा नकाशा फार छान आहे, आंटी," तो म्हणाला. त्याला बोलायचं तर काहीतरी होतं, पण तक्रार करायची नव्हती.

मी ब्रायनला बोलावलं. तो चेंडूंनी भरलेली एक कापडी पिशवीच घेऊन आला. डॉमनिकचा चेंडू त्यातच कुठेतरी होता. सगळे सारखेच, पांढरे, लाल शिवणीचे, प्रत्येकावर थोडी थोडी माती. ब्रायन म्हणाला, "हवे तेवढे द्या तिला. सहा द्या."

डॉमनिक काउंटरवर वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "आंटी, एक उचला आणि हाच तो म्हणून द्या. पोर आहे, तिला काय कळतंय."

खरं सांगते, मी एक उचललाही. चांगला मळका बघून. जोआना माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी एकदा माझं खात्रीनं चुकीचं सांगून झालं होतं, आणि ज्यांनी विश्वास ठेवला त्यांनाच ते भोवलं होतं.

"बेटा, हा तो नाही," मी तिला सांगितलं. "तो या पिशवीत आहे, पण कुठला ते आता कोणालाच सांगता येणार नाही. चूक तुझ्या डॅडींची नाही. पुस्तक मी लिहिलंय."

तिनं चेंडू हातात घेतला, फिरवून बघितला आणि परत काउंटरवर ठेवला.

"देन आय डोन्ट वाँट इट," ती म्हणाली. उद्धटपणे नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

खानसाहेब एव्हाना काउंटरपाशी येऊन मागे हात बांधून उभे होते. ते म्हणाले, "तो मैडम, दोबारा पकड़ ले. आदमी वही है, सीट वही है. गेंद कौन सी बड़ी चीज़ है."

ब्रायनला मी भाषांतर करून सांगितलं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं खानसाहेबांना मिठीच मारली. खानसाहेब ताठ उभे राहिले आणि मिठी संपायची वाट बघत राहिले.

सामना साडेपाचच्या सुमारास संपला. माझ्या गाईडप्रमाणे शेवटच्या प्रेक्षकानं पंचेचाळीस मिनिटांत बाहेर पडायला हवं, आणि हा नियम मी मंत्र्यांच्या पाहुण्यांनाही लावलेला आहे. त्या दिवशी पूर्वेच्या स्टँडमध्ये डॉमनिक आणि जोआना बसून राहिले आणि मी त्यांच्या शेजारी बसले. खाली मैदानावर ब्रायन एका प्रशिक्षकाला घेऊन आला. त्याच्याकडे सरावाला वापरतात ती लांब, सडपातळ बॅट होती आणि पायापाशी ती पिशवी. म्हणाल त्या खुर्चीवर चेंडू टाकतो, असं तो म्हणाला.

पहिला चेंडू छपरावर गेला. दुसरा आमच्या तीन रांगा खाली खुर्च्यांवर आदळला. तिसरा बरोबर आला आणि डॉमनिकच्या हातातून सुटला. दुपारी जे न बघता जमलं होतं, ते आता जमेना. चौथा त्याच्या बोटांच्या टोकांवर बसला आणि तो बोटं काखेत धरून खाली बसला.

तोवर झाडलोट करणारी मंडळी जमली होती. कचऱ्याच्या पिशव्या खाली ठेवून एकेक जण सल्ला द्यायला लागला. कोणी बंगालीत, कोणी मल्याळममध्ये. एक जण हिंदीत म्हणाला, "भाई, कॅच मत समझो. समझो बीवी ने अंडा फेंका है." सगळे हसले, डॉमनिकसुद्धा. मी प्रथमोपचाराच्या खोलीतून बर्फ मागवला.

"पुरे करू या का?" मी विचारलं. "बोटं सुजलीत."

"नाही आंटी. आणखी एक. इन्शाल्ला."

"डॅड," जोआना म्हणाली, "डोन्ट थिंक. टॉक टू मी."

"काय बोलू?"

"एनीथिंग. मराठीत बोल."

तो तिच्याकडे वळून बोलायला लागला. बुधवारी विमानात खिडकीजवळ बस, आईला झोपू दे, खाली समुद्र दिसेल तेव्हा बंदर शोध, तिथेच कुठेतरी मी असेन. खालून बॅटचा आवाज आला. बोलता बोलताच तो एक पाऊल मागे सरला, हात वर गेले आणि चेंडू त्यात येऊन बसला.

आणि मग, देवाशपथ सांगते, त्याचा उजवा हात आपोआप मागे गेला. तीस वर्षांची सवय. झाडूवाले सगळे एकदम ओरडले, आपापल्या भाषेत, पण शब्द एकच होता, नको. जोआनानं उडी मारली आणि ती त्याच्या कोपराला लटकली. दोन्ही हातांनी, पाय अधांतरी. तो हसत होता, ती लटकतच राहिली होती आणि चेंडू त्याच्या मुठीतच होता. खाली ब्रायन दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता.

मग डॉमनिकनं मूठ उघडली आणि तिनं तो घेतला.

मी त्यांना गेटपर्यंत सोडलं. फुजैरा लांब, उशीर झाला होता. जोआनानं चेंडू शर्टच्या आत घातला होता, पोटाशी, आणि गाडीत बसतानाही हात काढला नाही. डॉमनिक म्हणाला, "आंटी, वसईला आलात की घरी या." मी हो म्हटलं.

दर सामन्यानंतर मला एक रिपोर्ट भरायचा असायचा. त्यात शेवटचा प्रेक्षक किती वाजता बाहेर पडला ते लिहायचं आणि वेळ चुकली असेल तर कारण द्यायचं. एकोणीस वर्षं कारणाचा रकाना मी कोरा ठेवू शकले होते. त्या दिवशी लिहिलं, पस्तीस मिनिटं उशीर. कारणाच्या जागी बराच वेळ पेन टेकवून बसले. मग लिहिलं: प्रेक्षकानं गाईड वाचलं होतं.